पहिल्या चोवीस तासांतली सुई

हिपॅटायटिस-बीची लस : भीती कोणती खरी, कोणती खोटी?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जयंतीनिमित्त आमच्या वस्तीत रक्तदान शिबिर झाले. दरवर्षी होते तसेच झाले. तरुणांनी रांग लावून रक्त दिले, चहा-बिस्किटे झाली, प्रमाणपत्रे वाटली गेली. त्यानंतर काही दिवसांनी एका रात्री शेजारच्या चाळीतला एक तरुण माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. गोदामात हमाली करणारा, अंगापिंडाने धडधाकट. हातात रक्तपेढीने दिलेला कागद होता.

"दादा, हे जरा वाचून सांगा. तिथल्या मॅडमनी समजावलं, पण मी इतका घाबरलो होतो की डोक्यात काही शिरलंच नाही."

वस्तीत कुणाला फॉर्म भरायचा असला, नोटीस वाचायची असली की लोक कारकुनाचे दार ठोठावतात. मी कागद वाचला. 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' असे त्यावर लिहिले होते. म्हणजे त्याच्या रक्तात हिपॅटायटिस-बी या काविळीचा विषाणू सापडला होता. त्याचा पहिला प्रश्न होता, "रक्त दिल्यामुळं झालं का हे?" तसे मुळीच नाही. रक्त घेताना प्रत्येकासाठी नवी सुई वापरतात. दान केलेले रक्त दुसऱ्याला देण्यापूर्वी एचआयव्ही, हिपॅटायटिस-बी, हिपॅटायटिस-सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासावेच लागते. त्या तपासणीत जुना पाहुणा सापडला, एवढेच.

पण त्याला स्वतःपेक्षा दोन गोष्टींचा घोर लागला होता. एक, त्याच्या बायकोला सातवा महिना सरत आला होता. दुसरी, घरी आईने त्याचे ताट, तांब्या आणि पेला वेगळा काढून ठेवला होता.

ताट-तांब्या वेगळा ठेवण्याचा अर्थ काय असतो, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. आपल्याच घरात आजाराच्या नावाने ती रीत परत यावी, याने मन खिन्न झाले. पण त्या मावशींवर रागावून काय उपयोग? त्यांना कुणी नीट सांगितलेच नव्हते.

मी डॉक्टर नव्हे, बी.कॉम. झालेला एक कारकून. म्हणून दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नवरा-बायकोला घेऊन सरकारी रुग्णालयात गेलो. मुलीने गरोदरपणाची नोंद उशिरा केल्यामुळे तिची ही तपासणी राहून गेली होती. ती केली. तीही पॉझिटिव्ह निघाली. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सगळे समजावून सांगितले. त्यानंतर मी याविषयी जे वाचले, विचारले, ते आपल्या कुटुंबांपर्यंत पोचावे म्हणून हा लेख.

कावीळ एक नव्हे, अनेक

डोळे पिवळे झाले, लघवी पिवळी झाली की आपण सरसकट 'कावीळ झाली' म्हणतो. पण कावीळ हे लक्षण आहे. यकृताला सूज आली की ते दिसते. ही सूज आणणारे विषाणू वेगवेगळे आहेत. हिपॅटायटिस-ए आणि हिपॅटायटिस-ई हे दूषित पाणी आणि अन्नातून येतात. पावसाळ्यात गटाराचे पाणी नळात मिसळले की वस्तीच्या वस्ती आजारी पडते, ती बहुधा या प्रकारची कावीळ. हिपॅटायटिस-बी आणि हिपॅटायटिस-सी हे मात्र रक्तातून पसरतात. 'बी'चा विषाणू शरीरातल्या इतर स्रावांतून, म्हणजे शरीरसंबंधातूनही जातो, आणि बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाकडे जातो.

म्हणून पाणी उकळून प्यायल्याने 'बी' टळत नाही. आणि 'बी'ची लस घेतली म्हणून पाण्यातून येणारी कावीळ टळत नाही. "लस घेऊनही कावीळ झालीच की!" असे कुणी म्हणाले, तर कोणती कावीळ झाली ते आधी विचारावे.

तसेच हा विषाणू एका ताटात जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्यायल्याने, जवळ बसल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने पसरत नाही. आईच्या दुधानेही नाही. दाढीचे ब्लेड, दात घासायचा ब्रश, नखे कापायचे यंत्र अशा रक्त लागू शकणाऱ्या वस्तू तेवढ्या प्रत्येकाच्या वेगळ्या हव्यात. ताट वेगळे करण्याचे काहीही कारण नाही. ब्लेड वेगळे करा, माणूस वेगळा करू नका.

हा विषाणू मोठा चिवट आहे. शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही तो निदान सात दिवस टिकतो. मोठ्या माणसात शिरला तर शंभरांतल्या पंच्याण्णवांहून अधिक लोकांचे शरीर त्याला काही महिन्यांत हुसकावून लावते. पण ज्यांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, त्यांना वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. ते कामाला जातात, संसार करतात. त्यांच्यातल्या वीस ते तीस टक्के लोकांचे यकृत पुढे आक्रसते किंवा त्यांना यकृताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोक या विषाणूसह जगत होते, आणि त्यांतले जवळजवळ तीन कोटी एकट्या भारतात होते. त्या एका वर्षात जगात सुमारे ११ लाख माणसे या रोगाने गेली.

आपल्याकडे अजूनही कावीळ उतरवणाऱ्याकडे लोक धावतात. हात चुन्याच्या पाण्यात धुतात, पाणी पिवळे झाले की रोग बाहेर पडला म्हणतात. हाताला आधी चोळलेला झाडपाल्याचा किंवा सालीचा रस चुन्याशी मिळाला की पाणी पिवळे होते. धडधाकट माणसाचे हात धुतले तरी ते पिवळेच होईल. बहुतेकांची कावीळ आपोआप बरी होते आणि श्रेय मात्र त्या बाबाला मिळते. ज्याच्या यकृतात विषाणू घर करून राहिला, तो दहा-वीस वर्षांनी आजारी पडतो. तेव्हा त्या चुन्याची कुणाला आठवण राहत नाही.

बाळालाच जास्त धोका

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. मोठ्या माणसाला लागण झाली तर विषाणू कायमचा मुक्काम करण्याची शक्यता शंभरांत पाचहून कमी. पण जन्मताना किंवा पहिल्या वर्षात लागण झाली तर ती शक्यता शंभरांत नव्वदच्या घरात जाते. बाळाच्या शरीराला हा शत्रू आहे हेच ओळखता येत नाही.

म्हणून सगळी घाई पहिल्या चोवीस तासांची. बाळंतपणात आईचे रक्त बाळाला लागते. विषाणू यकृतात ठाण मांडण्यापूर्वी लस टोचली तर शरीर वेळेवर तयारीला लागते. आईला लागण असल्याचे माहीत असेल तर बाळाला दुसऱ्या मांडीत हिपॅटायटिस-बी इम्युनोग्लोब्युलिन नावाचे आणखी एक इंजेक्शन देतात. ती तयार प्रतिपिंडे असतात, म्हणजे घरचे सैन्य उभे राहीपर्यंत मागवलेली कुमक. आईच्या रक्तात विषाणूचे प्रमाण जास्त असेल तर गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत टेनोफोविर नावाच्या गोळ्या देतात. आमच्या वस्तीतल्या त्या मुलीला रक्त तपासून या गोळ्या सुरू केल्या.

नवरा-बायको तयार झाले. अडल्या त्या मावशी. "जन्मल्या-जन्मल्या लेकराला दोन-दोन सुया? मी माझी चार लेकरं वाढवली, कुणाला असली सुई दिली नाही. थोडं बाळसं धरू द्या, मग बघू."

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. मावशींनी मला एकामागून एक प्रश्न विचारले. त्या प्रश्नांत अडाणीपणा नव्हता. जगातल्या मोठमोठ्या देशांनी हेच प्रश्न विचारले आहेत. आपल्या नातवाच्या अंगात काय टोचणार, हे विचारण्याचा हक्क आजीला आहेच. फक्त उत्तर मिळाल्यावर ते ऐकण्याची तयारी हवी, आणि ती मावशींजवळ होती.

"लशीतनंच रोग झाला तर?"

हा मावशींचा पहिला प्रश्न. या लशीत विषाणू नसतोच, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. त्याच्या बाहेरच्या आवरणावरचे एक प्रथिन तेवढे असते. ते यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवायला वापरतात त्या जातीच्या सूक्ष्म जिवांत तयार करतात आणि शुद्ध करून घेतात. चोराचा फक्त सदरा पोलिसाला दाखवून ठेवावा, तसा हा प्रकार. सदरा चोरी करू शकत नाही. म्हणून या लशीतून कावीळ होणे शक्य नाही.

या भीतीला एक जुना इतिहास आहे. अमेरिकेतले शास्त्रज्ञ बारूच ब्लमबर्ग यांना १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडले. ते या विषाणूचे निघाले. त्याबद्दल त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, हा आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. १९८१ साली अमेरिकेत परवाना मिळालेली पहिली लस मात्र लागण झालेल्या माणसांच्या रक्तद्रवापासून बनवली जाई. त्याच सुमारास एड्स उजेडात आला आणि लोक धास्तावले. लस बनवताना तो रक्तद्रव अशा प्रक्रियांतून जाई की विषाणू शिल्लक राहू नये, आणि त्या लशीतून कुणाला एड्स झाल्याचे आढळले नाही. तरी १९८६ साली यीस्टपासून बनवलेली लस आली आणि माणसाच्या रक्ताचा संबंधच संपला. आज आपल्याकडे मिळते ती ही यीस्टची लस.

ही लस गरिबाच्या आवाक्यात आली, त्यात आपल्या देशातल्या माणसांचा वाटा आहे. परदेशी लशीचा एक डोस शेकडो रुपयांना पडे. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने १९९७ साली ही लस देशात बनवली आणि एक डोस पन्नास रुपयांच्या आसपास आणला. आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसह अनेक भारतीय कंपन्या ती बनवतात. सरकारने २००२ साली निवडक जिल्ह्यांत आणि शहरांत ती बाळांना मोफत देणे सुरू केले आणि २०११ पासून देशभर तिचा विस्तार केला.

"एवढ्याशा जिवाला झेपंल का?"

दुसरा प्रश्न. ही लस १९८० च्या दशकापासून जगभर कोट्यवधी बाळांना दिली गेली आहे. काय त्रास होतो? टोचलेल्या जागी दुखते, थोडी सूज येते, काही बाळांना हलका ताप येतो. एक-दोन दिवसांत ते जाते. ज्याला फार गंभीर म्हणावे अशी तीव्र ॲलर्जी साधारण दहा लाख डोसांमागे एकदा होते. ती झालीच तर बहुधा टोचल्यानंतर काही मिनिटांत दिसते आणि तिच्यावर औषध असते. म्हणूनच लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबायला सांगतात. बस चुकेल म्हणून लगेच निघू नये.

सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात जी पेंटाव्हॅलेंट लस देतात, तिच्यात हिपॅटायटिस-बीबरोबर घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि हिब या जंतूंविरुद्धची लसही असते. तिने ताप थोडा जास्त येऊ शकतो. शेजारच्या मुलाला 'लस दिली आणि रात्रभर फणफणला' असे मावशी म्हणाल्या, ते याचेच उदाहरण असणार. तापाला नर्सबाई सांगतील तेवढे औषध द्यावे. ताप उतरत नसेल, बाळ दूध पीत नसेल, झटके आले, तर थेट दवाखाना गाठावा.

ही लस कुणी घेऊ नये? ज्याला आधीच्या डोसाने किंवा लशीतल्या एखाद्या घटकाने, उदाहरणार्थ यीस्टने, तीव्र ॲलर्जी झाली असेल त्याने. अंगात मोठा आजार असेल तर बरे वाटेपर्यंत थांबावे. साधी सर्दी आड येत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनाही ती घेता येते.

'नंतर' आणि 'मुळे'

मावशींचा तिसरा प्रश्न सर्वांत अवघड होता. "मोबाईलवर आलं होतं, लस दिल्यावर बाळं दगावली म्हणून. ते काय खोटं हाय व्हय?"

अशा घटना घडल्या आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. पण लशी'नंतर' घडणे वेगळे आणि लशी'मुळे' घडणे वेगळे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, म्हणून फांदी कावळ्याने तोडली असे होत नाही. ते ठरवायला चौकशी करावी लागते. अशा तीन चौकश्या मावशींना सांगितल्या.

पहिली फ्रान्सची. तिथे १९९४ पासून शाळांमध्ये ही लस मोठ्या प्रमाणावर दिली गेली. मुलांबरोबर मोठ्यांनीही घेतली, देशात दोन कोटींहून अधिक लोकांनी ती घेतली. मग काही जणांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाला आणि लशीवर बोट ठेवले गेले. ऑक्टोबर १९९८ मध्ये सरकारने शाळांतले लसीकरण थांबवले. त्यानंतर अभ्यास झाले. २००१ साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, त्यांत लशीचा आणि या आजाराचा संबंध आढळला नाही. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या माहितीवर आधारित एका अभ्यासाने पुन्हा शंका काढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने तोही तपासला आणि पुरावा अपुरा असल्याचे सांगितले. हा आजार मुळातच तरुण वयात दिसू लागतो, आणि त्याच वयाच्या लोकांनी लस घेतली होती. ज्या फ्रान्सने शाळांतली लस थांबवली, त्याच फ्रान्सने १ जानेवारी २०१८ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाला ही लस सक्तीची केली.

दुसरी चीनची. २०१३ च्या डिसेंबरात तिथे लशीनंतर काही बाळे दगावल्याच्या बातम्या आल्या. एका कंपनीची लस थांबवली, कारखाना तपासला, प्रत्येक मृत्यूची चौकशी केली. लशीत दोष निघाला नाही, मृत्यूंची कारणे वेगळी होती. पण मधल्या काळात घाबरलेल्या आईबापांनी पाठ फिरवली आणि लसीकरण घसरले.

तिसरी व्हिएतनामची. जुलै २०१३ मध्ये क्वांग त्री प्रांतातल्या एका रुग्णालयात लस दिल्यानंतर तीन नवजात बाळे दगावली. सगळा देश हादरला. चौकशीत कळले की त्या बाळांना लस दिलीच गेली नव्हती. भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी वापरायचे औषध त्याच फ्रिजमध्ये ठेवले होते. नर्सच्या हातात चुकून ती बाटली आली.

ही तिसरी गोष्ट ऐकून मावशी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी लशीपरीस देणारा हात बघाया पाहिजे." मावशींनी नेमके मर्म धरले. म्हणून लस घेताना भीडभाड न बाळगता पाहावे आणि विचारावे : बाटलीवर कोणत्या लशीचे नाव आहे? मुदत संपलेली नाही ना? बाटली थंड पेटीतून काढली ना? (ही लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवतात. गोठली तर तिची ताकद जाते.) सिरिंज आपल्यासमोर नवी उघडली ना? सरकारी लसीकरणात एकदा वापरली की आपोआप अडकणारी, पुन्हा वापरताच न येणारी सिरिंज असते. बाळाला सुई मांडीच्या बाहेरच्या बाजूला आणि मोठ्यांना दंडात देतात, कुल्ल्यावर नव्हे. माता-बाल संरक्षण कार्डावर तारीख लिहून घ्यावी. हे विचारल्याने चांगली नर्स रागावत नाही.

लशीतल्या पाऱ्याचीही चर्चा होते. अनेक डोसांच्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून थायोमर्सल नावाचे द्रव्य अत्यल्प प्रमाणात घालतात. त्यातला पारा शरीरातून लवकर बाहेर टाकला जातो. विषारी मासळीतून येणारा पारा वेगळ्या प्रकारचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने हा प्रश्न वर्षानुवर्षे तपासला आणि लशीतल्या प्रमाणाने अपाय होत असल्याचा पुरावा आढळला नाही.

खरी भीती कोणत्या सुईची?

चौथा प्रश्न मावशींनी असा विचारला, "माझ्या लेकाला काही झालं नाही, चांगला धडधाकट हाय. मग एवढं कशाला?" याचे उत्तर तैवान देशाने दिले आहे. तिथे जवळजवळ प्रत्येक घरात हा विषाणू होता. १९८४ साली लागण झालेल्या मातांच्या बाळांना आणि १९८६ पासून सगळ्याच बाळांना लस सुरू झाली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधला यकृताचा कर्करोग जवळजवळ निम्म्यावर आला होता. म्हणजे ही लस कावीळ टाळतेच, शिवाय कर्करोगही टाळते.

सुईला भ्यायचेच असेल तर लशीच्या सुईला भिऊ नका, परत वापरलेल्या सुईला भ्या. २००९ च्या सुरुवातीला गुजरातमध्ये मोडासा आणि आसपासच्या भागात हिपॅटायटिस-बीची मोठी साथ आली. डझनावारी माणसे दगावली. खासगी दवाखान्यांत वापरलेल्या सुया आणि सिरिंज पुन्हा वापरल्या जात असल्याचे चौकशीत निघाले. आपल्या वस्त्यांत साध्या तापालाही "डॉक्टर, एक सुई मारा, लवकर बरं वाटेल" म्हणायची सवय आहे. गोळीने भागत असेल तर सुई मागू नये. जत्रेतले गोंदण, कान-नाक टोचणे, सलूनमधले ब्लेड, इथेही नवी सुई, नवे ब्लेड याचा आग्रह धरावा.

मोठ्यांनी काय करावे?

आपल्यातले कितीतरी बंधू-भगिनी रुग्णालयात वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार म्हणून राबतात. कचऱ्याच्या गाडीवर, गटारात, भंगारात काम करतात. कचऱ्यातली सुई त्यांनाच टोचते. लागण असलेल्या रक्ताची सुई टोचली तर लस न घेतलेल्या माणसाला हा रोग होण्याचा धोका शंभरांत तीसपर्यंत जाऊ शकतो. एचआयव्हीच्या बाबतीत तो हजारात तीनच्या आसपास असतो. म्हणजे ज्या रोगाला आपण जास्त भितो त्याहून हा सहज लागतो, आणि याला लस आहे! कामगार संघटनांनी बोनसबरोबर या लशीचीही मागणी लावून धरावी. ठेकेदाराच्या कामगारांनाही ती मिळाली पाहिजे. सुई टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे. वेळेत दिलेली लस आणि इम्युनोग्लोब्युलिन तेव्हाही कामाला येतात.

मोठ्यांना तीन डोस लागतात : पहिला आज, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. मी कॉलेजात होतो तेव्हा एका मंडळाने वस्तीत या लशीचे शिबिर भरवले होते. मी नावे लिहायला वही घेऊन बसलो होतो. पहिल्या डोसाला रांग रस्त्यापर्यंत गेली होती. तिसऱ्या डोसाला आलेले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. बाकीच्यांची नावे त्या वहीत तशीच राहिली. हप्ते अर्धे भरले तर विमा बुडतो, पण लशीचे तसे नाही. राहिलेला डोस उशिरा घेतला तरी चालतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तिन्ही डोस पूर्ण केले तर मुले आणि तरुण यांतल्या शंभरांतल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांना संरक्षण मिळते आणि ते निदान वीस-तीस वर्षे, बहुधा जन्मभर टिकते. चाळिशीनंतर हे प्रमाण थोडे उतरते, पण म्हणून लस घेऊ नये असे नाही. खासगीत घेतल्यास छापील किंमत पाहावी आणि पावती मागावी.

घरात एकाला लागण निघाली तर बाकी सगळ्यांनी रक्त तपासून घ्यावे आणि ज्यांना लागण नाही त्यांनी लस घ्यावी. आधीच लागण झालेल्याला लशीने अपाय होत नाही, पण उपयोगही होत नाही. त्याला गरज असते ती डॉक्टरांच्या देखरेखीची. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. दारू सोडावी, यकृताला ती दुहेरी मार देते. आणि गरोदर भगिनींनी पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवून 'एचबीएसएजी'ची तपासणी आवर्जून मागून घ्यावी.

जून संपता संपता त्या मुलीचे दिवस भरले. रात्री अडीच वाजता तिला मुलगी झाली. बाप धावपळीत, आई थकलेली. पहाटे नर्सबाई ट्रे घेऊन आल्या तेव्हा बाळ मावशींच्या मांडीवर होते. मावशींनी बाटलीवरचे नाव मोठ्याने वाचायला लावले, सिरिंजची पिशवी आपल्यासमोर फोडायला लावली आणि मग स्वतःच बाळाचे दुपटे बाजूला केले. दोन्ही मांड्यांत दोन सुया. बाळ रडले, आईने पदराखाली घेतले, गप्प झाले. पुढचे तिन्ही डोस मावशींनी स्वतः कार्ड घेऊन पुरे करून आणले.

बाळ अकरा महिन्यांचे झाल्यावर रक्त तपासले. कागद घेऊन तो तरुण पुन्हा माझ्याकडे आला. या वेळी त्याने तो मला वाचायला दिला नाही, स्वतःच वाचून दाखवला : एचबीएसएजी निगेटिव्ह. बाळाच्या रक्तात विषाणू नव्हता आणि लशीने तयार केलेली प्रतिपिंडे भरपूर होती.

त्याच्या घरी गेलो तर मावशी जेवायला वाढत होत्या. त्याचे ताट सगळ्यांच्या ताटांबरोबर मांडलेले होते. मला म्हणाल्या, "भाऊ, बसा. आता शेजारच्या सुनंचा नववा चाललाय. तिला सांगून आलेय, पहिल्या दिवसाची सुई चुकवू नको म्हणून."